कॉलेजात भुकेविरुद्ध काम सुरू करताना

भुकेसाठी आपण काहीतरी करावं असं कॉलेजात शिकताना ज्यांच्या मनात येतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अनुभव नाही, हाताशी पैसे नाहीत, आठवड्याला दोन-चार तास मोकळे आणि ओळखी वर्गापुरत्या. एवढ्या भांडवलावर बरंच काही उभं राहू शकतं. फक्त क्रम नीट ठेवावा लागतो.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न, आरोग्य आणि बालकल्याणविषयक संस्थांच्या एकत्रित अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक उपाशी होते, म्हणजे साधारण बारा माणसांमागे एक. पोषक आहार परवडत नाही अशांची संख्या सुमारे २६० कोटी. त्याच जगात २०२२ मध्ये घरं, उपाहारगृहं आणि दुकानं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. या आकड्यात सालं, हाडं असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे, तरीही ग्राहकांसाठी उपलब्ध झालेल्या अन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा फेकला जातो ही गोष्ट उरतेच. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं की धान्य अस्तित्वात असतानाही ते विकत घेण्याची ऐपत आणि त्यावरचा हक्क गमावल्यामुळे माणसं उपाशी मरू शकतात. अन्न आणि माणूस यांच्यामधलं हे अंतर हीच विद्यार्थ्यांच्या कामाची जागा. शेती पिकवणं तुमच्या हातात नाही, पण हे अंतर थोडं कमी करणं नक्कीच आहे.

भूक रोज लागते. म्हणून वर्षातून एकदा गाजणाऱ्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा दर आठवड्याला न चुकता होणारं छोटं काम मला कितीतरी मोलाचं वाटतं. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं याच कसोटीवर घासून घेतलेलं आहे.

पायरी १ : गोळा करण्याआधी विचारा

नव्या गटाचा उत्साह बहुतेकदा पोस्टर आणि दानपेट्यांपासून सुरू होतो. माझा आग्रह असा की पहिले दोन-तीन आठवडे काहीही गोळा करू नका. त्या वेळात परिसरात भुकेवर आधीपासून काम करणाऱ्या संस्था शोधा: अन्नपेढी (जास्तीचं अन्न जमा करून गरजूंना देणारं केंद्र), सामुदायिक स्वयंपाकघर, बेघरांचा निवारा, वृद्धाश्रम, रुग्णालयाबाहेर नातेवाइकांना जेवण देणारा गट. त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी जा, त्यांच्या नेहमीच्या कामाला एखाद-दुसऱ्या पाळीत हातभार लावा आणि मगच बोलणं काढा.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. कोणत्या वारी माणसं कमी पडतात? वर्षाच्या कोणत्या काळात साठा आटतो? कोणती वस्तू गरजेपेक्षा जास्त येते आणि कोणती कधीच येत नाही? शिजवलेलं अन्न घेता का, आणि किती वाजेपर्यंत? थंड साठवणीला जागा किती? आणि ज्यांच्यापर्यंत तुम्हाला पोचता येत नाही असे लोक कोण आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं तसं लिहून ठेवा. चालता न येणारे म्हातारे, वाटपाच्या वेळी कामावर असणारे मजूर, ओळखीचं कुणी पाहील म्हणून रांगेत न येणारी कुटुंबं अशी नावं त्यात निघतात, आणि पुष्कळदा तुमचं काम तिथेच सापडतं.

ही चौकशी स्वतःच्या कॉलेजातही करा. शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी महिनाअखेरीला एका वेळेचं जेवण सोडते आहे, हे वर्गाला वर्षभर कळत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३ साली विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठीच अन्नपेढी सुरू केली, कारण शिकणारी मुलंही उपाशी राहतात हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे प्रश्न आहे की नाही हे जाणून घ्यायला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती फार उपयोगी पडते. गेल्या १२ महिन्यांत पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे पुढच्यापैकी काय घडलं, असं तीत विचारतात: पुरेसं खायला मिळेल की नाही याची काळजी वाटली का, पौष्टिक अन्न खाता आलं नाही का, तेच ते मोजके पदार्थ खावे लागले का, एखादं जेवण सोडावं लागलं का, हवं त्यापेक्षा कमी खाल्लं का, घरातलं अन्न संपलं का, भूक असूनही खाल्लं नाही का, आणि अख्खा दिवस उपाशी काढावा लागला का. उत्तर फक्त हो किंवा नाही. कॉलेजची परवानगी घ्या. नाव, हजेरी क्रमांक, मोबाइल यांतलं काहीही विचारू नका. मदत कुठे मिळेल याची माहिती प्रश्नावलीच्या शेवटी सगळ्यांनाच द्या, म्हणजे ती मागण्यासाठी कुणाला पुढे यावं लागणार नाही.

पायरी २ : एकच काम निवडा

भुकेवरचं काम अनेक तऱ्हांनी होतं. नव्या गटाने त्यातली एकच तऱ्हा उचलावी आणि निदान एक सेमिस्टर तिला चिकटून राहावं.

उरलेलं अन्न वाचवून पोचवणं ही विद्यार्थ्यांना सर्वांत जवळची वाट. २०११ साली मेरीलँड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी पाहिलं की जेवणघरात रोज रात्री चांगलं अन्न टाकून दिलं जातं. त्यांनी ते जवळच्या गरजू ठिकाणी न्यायला सुरुवात केली. त्यातून फूड रिकव्हरी नेटवर्क उभं राहिलं आणि पुढे ते अनेक कॉलेजांत पोचलं. या कामाला पैसा कमी लागतो. वेळेची शिस्त मात्र कडक लागते, कारण अन्न तुमच्या तासिकेसाठी थांबत नाही.

मेसमध्ये आगाऊ भरलेल्या जेवणांपैकी न वापरलेली जेवणं अडचणीतल्या सहाध्यायींना देणं ही दुसरी तऱ्हा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० च्या सुमारास विद्यार्थ्यांनी ती सुरू केली आणि पुढे तीतून स्वाइप आउट हंगर ही संस्था झाली. इथे स्वयंपाक नाही, वाहतूक नाही. सगळी कसोटी आहे ती मेसचालक आणि प्रशासन यांच्याशी होणाऱ्या वाटाघाटींत. बोलण्यात ज्यांचा हातखंडा आहे अशा दोन-तीन जणांचा गट असेल तर हीच घ्या.

टिकाऊ शिध्याची पेढी ही तिसरी. जगातली पहिली अन्नपेढी जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात सुरू केली. जास्तीचं अन्न बँकेसारखं जमा व्हावं आणि गरज असेल त्याने ते काढून न्यावं, ही त्यामागची कल्पना. कॉलेजात एक कोरडी, कुलूपबंद खोली आणि मांडण्या मिळत असतील तर हे काम जमतं.

पैसा हाताळायचाच नसेल तर तेही शक्य आहे. २०१४ साली दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी पैशांच्या देणग्या घेत नाही. स्वयंसेवक उपाहारगृहांतून आणि समारंभांतून जास्तीचं अन्न घेतात आणि वाटतात. हिशेबाची जबाबदारी पेलणारं कुणी नसेल तर नव्या गटाने हाच मार्ग धरावा असं मला वाटतं. याउलट वेळ अगदीच कमी असेल, गट पांगलेला असेल, तर अनुभवी संस्थेसाठी फक्त निधी उभारा. त्यात काही कमीपणा नाही. युद्ध किंवा दुष्काळाच्या प्रदेशात तुम्ही स्वतः पोचू शकत नाही; संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या यंत्रणा पोचतात, आणि त्या सर्वस्वी ऐच्छिक देणग्यांवरच चालतात.

पायरी ३ : गट आणि परवानगी

सहा ते दहा नियमित माणसं पुरतात. पन्नास नावांच्या यादीपेक्षा ती बरी. जबाबदाऱ्या नावानिशी वाटा: संस्थांशी बोलणारा एक, पाळ्या लावणारा एक, हिशेब ठेवणारे दोघे, अन्नसुरक्षेवर लक्ष ठेवणारा एक. प्रत्येकाला एक जोडीदार असावा, म्हणजे ताप आला तरी काम अडत नाही.

एका शिक्षकाला सुरुवातीपासून सोबत घ्या. कॉलेजची परवानगी लेखी घ्या आणि तीत जागा, वेळ, निधी गोळा करण्याची मुभा आणि नाव वापरण्याची मुभा या चारही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. तुमच्या देशातले अन्नदानाचे आणि देणग्यांचे नियम त्याच शिक्षकाच्या मदतीने समजून घ्या. अमेरिकेत चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला १९९६ च्या कायद्याने संरक्षण दिलं आहे. फ्रान्सने २०१६ साली ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किराणा दुकानांना न विकलेलं खाण्याजोगं अन्न नष्ट करायला बंदी केली आणि सेवाभावी संस्थांशी करार करणं बंधनकारक केलं. भारतात जास्तीच्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे नियम आहेत. दुकानदार किंवा कॅन्टीनचालक "उद्या कुणाला काही झालं तर?" असं विचारतो तेव्हा त्याला नियम दाखवता आला पाहिजे.

पायरी ४ : अन्नसुरक्षा

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. उपाशी माणसाची प्रकृती आधीच नाजूक असते. आपल्याला पोटदुखीवर निभावणारं अन्न लहान मुलाला, म्हाताऱ्याला किंवा आजारी माणसाला रुग्णालयात पोचवू शकतं. "गरिबाला चालतं" हा विचार गटात कुणी बोलून दाखवला तर त्याला तिथेच थांबवा. जे तुम्ही स्वतः खाणार नाही ते देऊ नका.

नियम तपमानाचा आणि वेळेचा. ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न एकतर ६० च्या वर गरम ठेवा, नाहीतर ५ च्या खाली थंड. बाहेरच्या हवेत ते दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. उन्हाळ्यात, हवा ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा एकच तास धरा. हा वेळ अन्न तुमच्या हाती आल्यापासून मोजायचा नसतो. ते चुलीवरून उतरून गार व्हायला लागलं तेव्हापासून मोजायचा. म्हणून देणाऱ्याला पहिला प्रश्न: हे कधी शिजवलं, आणि त्यानंतर कसं ठेवलं? उत्तर मिळालं नाही तर अन्न घेऊ नका. ताटात वाढून झालेलं, उष्टं, किंवा लोकांनी स्वतः वाढून घेतलेल्या उघड्या भांड्यांतलं अन्नही नको.

पुन्हा गरम केलं की सगळं ठीक होतं, हा समज काढून टाका. गरम करताना आतपर्यंत निदान ७० अंश तपमान जायला हवं हे खरंच. पण काही जंतू अन्नात विष सोडून जातात आणि ते विष उकळूनही जात नाही. शिजवून तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात हे हमखास घडू शकतं. वास, चव आणि रंग चांगला असूनही अन्न बाधू शकतं. चाखून पाहणं ही परीक्षा नव्हे.

साठवून दुसऱ्या दिवशी द्यायचं असेल तर मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलू नका. मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ भांड्यांत पसरा. पहिल्या दोन तासांत ते २१ अंशांच्या खाली आणि पुढच्या चार तासांत ५ च्या खाली जायला हवं. प्रत्येक भांड्यावर लेबल: पदार्थ, शिजवल्याची वेळ, मिळाल्याची वेळ, कधीपर्यंत खायचं, आणि त्यात शेंगदाणे, सुका मेवा, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, तीळ, मासे यांपैकी काय आहे. ॲलर्जी असलेल्या माणसाला ती शेवटची ओळ जीवदान देते.

गटाची पहिली खरेदी काय असावी असं मला विचाराल तर अन्नाच्या आत खुपसायचा थर्मामीटर आणि उष्णता टिकवणारे झाकणाचे डबे. टी-शर्ट आणि फलक नंतर. हात साबणाने धुतल्याशिवाय कुणीही अन्नाला हात लावू नये. उलट्या किंवा जुलाब होत असतील त्याने पाळीवर येऊ नये, आणि थांबल्यानंतरही ४८ तास अन्नापासून दूर राहावं.

आणखी दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. तान्ह्या बाळांसाठी दुधाची भुकटी आणि बाटल्या गोळा करून वाटू नका. भावना चांगली असते, पण अस्वच्छ पाणी आणि न उकळलेली बाटली बाळाच्या जिवावर बेतते, आणि आईचं दूध मागे पडतं. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने या भुकट्यांच्या प्रचारावर आंतरराष्ट्रीय संहिता केली ती याच कारणांमुळे. दुसरी गोष्ट तीव्र कुपोषणाची. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण मानलं जातं, आणि पायांवर दोन्हीकडे सूज असेल तरीही. अशा मुलाला भरपूर खाऊ घालणं हा उपचार नाही. अचानक जास्त अन्न दिल्याने त्याची प्रकृती बिघडू शकते. त्याला लगेच आरोग्य केंद्रात पोचवा. तिथला पत्ता आणि क्रमांक प्रत्येक पाळीवरच्या माणसाकडे असायला हवा.

पायरी ५ : निधी उभारणं

पैसे मागायला विद्यार्थी फार संकोचतात. मागणं स्वतःसाठी नाही हे एकदा मनाशी पक्कं झालं की जीभ मोकळी होते. तरीही नुसती तळमळ पुरत नाही. मागणं नेमकं असावं लागतं.

आधी एका जेवणाचा खरा खर्च काढा. संस्थेच्या गेल्या काही महिन्यांच्या हिशेबातून शिधा, इंधन, वाहतूक, भाडं, पगार सगळं धरून एकूण खर्च घ्या आणि त्याला वाढलेल्या जेवणांच्या संख्येने भागा. फक्त शिध्याचा खर्च धरून "इतक्या थोड्या पैशांत एक जेवण" असं सांगणं आकर्षक असतं, पण खरं नसतं, आणि विचारणाऱ्याने विचारलंच तर तुमच्याकडे उत्तर नसतं. मग लक्ष्य ठरवा: अमुक केंद्राची अमुक महिन्यांची जेवणं. "भुकेल्यांसाठी मदत करा" यापेक्षा "या केंद्राची सुट्टीतल्या दोन महिन्यांची जेवणं आपण उचलूया" हे वाक्य माणसाला लवकर पटतं.

वस्तू की पैसे? तुमच्या संस्थेने विशिष्ट वस्तू मागितली नसेल तर पैसेच गोळा करा, असं माझं ठाम मत आहे. संस्था घाऊक भावाने घेते, आपण किरकोळ भावाने. तिला आज काय कमी आहे हे तिला माहीत असतं. दानपेटीतून येणारा माल निवडण्यात, मुदत तपासण्यात आणि फुटलेली पाकिटं बाजूला काढण्यात स्वयंसेवकांचे तास जातात. तरीही वस्तू गोळा करायच्या असतील तर एका वेळी एकच वस्तू जाहीर करा, एकाच प्रकारची आणि मुदत निदान सहा महिने बाकी असलेली. वर्गावर्गांत "यंदा फक्त डाळ" अशी हाक देता येते आणि निवडण्याचं काम वाचतं.

मार्ग अनेक आहेत. सर्वांत भरवशाचा म्हणजे दरमहा छोटी रक्कम देणारे पन्नास-शंभर जण. यांतले बहुतेक शिक्षक, कर्मचारी आणि माजी विद्यार्थी असतील. एकेकट्याला भेटून विचारा. सगळ्यांना एकदम पाठवलेल्या संदेशाला फारसं कुणी उत्तर देत नाही. भेटीत तीन मिनिटं पुरतात: आम्ही काय करतो, कुणासाठी, तुमच्याकडून काय हवं. मग गप्प राहा आणि समोरच्याला विचार करू द्या. नाही म्हटलं तर आभार माना आणि वेळ किंवा ओळख देता येईल का ते विचारा.

पुरस्कृत पदयात्रा हा दुसरा मार्ग. अमेरिकेत भुकेसाठीच्या क्रॉप पदयात्रा १९६९ च्या सुमारास सुरू झाल्या. चालणारा आपल्या ओळखीच्यांकडून प्रत्येक किलोमीटरमागे ठरावीक रक्कम कबूल करून घेतो. खर्च जवळपास नाही आणि प्रत्येक चालणारा स्वतःच निधी उभारणारा होतो, म्हणून कॉलेजला हा प्रकार छान जमतो. रक्कम कबूल झाल्या झाल्या लिहून घ्या आणि पदयात्रेनंतर आठवडाभरात वसूल करा. लांबली की विसरली जाते.

एक जेवण सोडून त्याचे पैसे देणं हाही जुना प्रकार. ऑक्सफॅम अमेरिकेने १९७४ पासून असे उपवास घडवले. तो करायचा तर मेसशी आधी ठरवून घ्या की न घेतलेल्या जेवणाचे पैसे खरोखर निधीत येतील. आणि कुणावरही सहभागाची सक्ती नको. ज्याला घरी पुरेसं मिळत नाही, जो आजारी आहे, ज्याचं खाण्याशी नातं दुखावलेलं आहे, अशांना न विचारता बाजूला राहता आलं पाहिजे.

सांस्कृतिक कार्यक्रम आणि मोठे सोहळे मी शेवटी ठेवतो. खर्च आणि श्रम यांच्या मानाने हाती कमी लागतं. करायचेच असतील तर १६ ऑक्टोबरचा जागतिक अन्न दिन धरा. १९४५ साली याच तारखेला अन्न व कृषी संघटना स्थापन झाली. लोकांचं लक्ष तेव्हा विषयाकडे असतं. पण जागा, ध्वनियंत्रणा, छपाई हे सगळं पुरस्कर्त्याकडून मिळवा, म्हणजे तिकिटाचा पैसा अन्नालाच लागेल.

पैसा आला की शिस्त आली. कुणाच्याही वैयक्तिक खात्यात एक पैसाही घेऊ नका, "दोनच दिवसांसाठी" म्हणूनसुद्धा नाही. कॉलेजच्या किंवा संस्थेच्या खात्यात थेट जमा होऊ द्या. वेगळं खातं असेल तर दोन सह्या लागतील अशी सोय करा, त्यातली एक शिक्षकाची. दानपेटी कुलूपबंद असावी, दोघांनी मिळून उघडावी, तिथेच मोजावी, कागदावर दोघांनी सही करावी आणि रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरावी. पावती प्रत्येकाला, रक्कम कितीही लहान असो. महिनाअखेरीला एका पानाचा हिशेब सूचनाफलकावर लावा: किती आले, किती कुठे गेले, किती शिल्लक. ज्या देणगीदाराला पैशाचं काय झालं ते न मागता कळतं, तो पुढच्या वर्षी पुन्हा देतो.

पायरी ६ : वाटपाच्या ठिकाणी

घेणाऱ्याच्या मनाला लागेल असं काही होऊ न देणं ही अर्धी सेवा आहे. नमस्कार करा, डोळ्यांत पाहून बोला, वयाने मोठ्यांना अहो-जाहो करा. शक्य तिथे निवड द्या. या दोनपैकी काय देऊ, असं विचारल्याने माणसाचा मान राहतो आणि अन्नही वाया जात नाही. बसायला जागा आणि प्यायला पाणी ठेवा. रांग लांबणार असेल तर क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्या, म्हणजे कुणाला उन्हात उभं राहावं लागणार नाही.

कुणाच्या जातीची, धर्माची, व्यसनाची चौकशी नको. उपदेश नको. अन्नाच्या बदल्यात घोषणा, प्रार्थना किंवा सही मागू नका.

फोटोबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे: घेणाऱ्यांचे चेहरे नकोत, मुलांचे तर नकोतच. भरलेले डबे, काम करणारे हात, लादलेली गाडी यांचे फोटो देणगीदारांना पुरतात. अन्न हवं असलेला माणूस "फोटो नको" म्हणायला कचरतो, म्हणून त्याच्या होकारावर विसंबू नका.

स्वयंसेवकांनी कायम जोडीने जावं, एकट्याने नाही. रात्रीच्या पाळीचा परतीचा प्रवास आधी ठरलेला असावा. स्वतःच्या खिशातून कुणाला पैसे देऊ नयेत. मोठी अडचण समोर आली तर संस्थेच्या अनुभवी माणसाकडे न्यावी. आणि अन्न संपलं तर खरं सांगा, पुढचं वाटप कधी आणि कुठे ते सांगा.

पायरी ७ : परीक्षा आणि सुट्ट्या

विद्यार्थ्यांचे गट इथेच मोडतात. परीक्षेचे तीन आठवडे कुणी येत नाही, मग सुट्टी लागते, आणि परत आल्यावर संस्थेचा विश्वास उडालेला असतो. सुट्टीत तर गरज वाढते, कारण शाळेत जेवणाऱ्या मुलांचं ते जेवण बंद असतं.

म्हणून सेमिस्टर सुरू होताच परीक्षेचं वेळापत्रक आणि सुट्ट्या कागदावर मांडा आणि त्या दिवसांचं काम आधी ठरवा. वेगवेगळ्या शाखांच्या परीक्षा एकाच दिवशी नसतात, तेव्हा गटात निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी मुद्दाम घ्या. गावातच राहणारे, माजी विद्यार्थी, कर्मचारी यांची वेगळी यादी करा आणि सुट्टीतली पाळी त्यांच्याकडे महिनाभर आधी मागा. तरीही माणसं कमी पडणार असतील तर काम अर्ध्यावर आणा, बंद करू नका: आठवड्याला दोनऐवजी एक फेरी. संस्थेला हे निदान दोन आठवडे आधी कळवा. जेवढं झेपेल तेवढंच कबूल करा. चार फेऱ्या कबूल करून दोन चुकवण्यापेक्षा दोन कबूल करून दोन्ही केलेल्या चांगल्या, कारण तुम्ही येणार या भरवशावर तिथे कुणी पातेलंच चढवलेलं नसतं.

पायरी ८ : नोंदी, मागण्या आणि पुढची तुकडी

प्रत्येक फेरीला चार नोंदी पुरतात: तारीख, अन्नाचं वजन, कुठून आलं आणि कुठे गेलं. वजनावरून जेवणांचा अंदाज काढायला अमेरिकेतल्या अन्नपेढ्या १.२ पौंड, म्हणजे सुमारे ५४० ग्रॅम अन्न म्हणजे एक जेवण असं धरतात. तुम्ही कोणतंही माप धरा, पण अहवालात ते लिहा आणि मधेच बदलू नका. परत आणलेलं आणि टाकून द्यावं लागलेलं अन्नही मोजा. तो आकडा वाढत असेल तर फेरीची वेळ किंवा ठिकाण चुकतं आहे.

या नोंदी सहा महिन्यांच्या झाल्या की त्या घेऊन प्रशासनाकडे जा. कॅन्टीनमध्ये रोज किती अन्न उरतं याचा तुमच्याकडे पुरावा असेल तर कमी शिजवा असं म्हणता येतं, आणि ते अन्न वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अडचणीतल्या विद्यार्थ्यासाठी आपत्कालीन निधी, फी भरण्यातली मुदत, मेसमध्ये राखीव जेवणं या मागण्याही तेव्हाच करा. वाटप आजची भूक भागवतं. ती पुन्हा पुन्हा का येते, हा प्रश्न विचारणं हेही तुमच्याच कामात येतं, आणि रोज मोजणाऱ्याच्या तोंडी तो प्रश्न वजनदार होतो.

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जाण्याच्या चार महिने आधी पुढची माणसं निवडा. प्रत्येक जबाबदारीवर जुना आणि नवा असे दोघे निदान एक पूर्ण महिना बरोबर काम करू द्यात. संस्थांच्या भेटींना नव्याने बोलावं, जुन्याने शेजारी बसावं. एक वही ठेवा, तीत संस्थांचे संपर्क, किल्ल्या कुणाकडे, परवानगीपत्रांच्या मुदती, मासिक देणगीदारांची यादी, थर्मामीटर तपासल्याची तारीख आणि नकार दिलेल्यांनी दिलेली कारणं. ही वही गटाची, कुणाच्या घरी जायची नाही. बँकेतल्या सह्या बदलायला बहुधा अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून तो अर्ज निरोपसमारंभाच्या आधीच्या महिन्यात द्या, आणि नव्या सह्या चालू झाल्याचं बँकेकडून लेखी येईपर्यंत जुन्यांपैकी एकाने तरी हजर राहावं.